मूळ आवाज

त्रिशलाबाई चौगुल्यांना गाडी सुरू करायची म्हणजे आधी नवऱ्याचं मरण आठवावं लागायचं.

ऐकायला विचित्र वाटेल, पण जयसिंगपूरच्या त्यांच्या घरासमोर आठवड्यातून चार संध्याकाळी हा कार्यक्रम चालायचा. बाई गाडीत बसायच्या, दार ओढून घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि मिरजेच्या इस्पितळातला तो लांबलचक बोळ डोळ्यांसमोर आणायच्या. फिनेलचा वास, भिंतीला टेकवलेलं रिकामं स्ट्रेचर आणि चादरीबाहेर आलेली भूपालची गार पावलं. घसा पुरेसा दाटून आला की म्हणायच्या, चल, निघू या.

मग समोरच्या काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ थरथरायची. 'सोबती' नावाचं ते यंत्र क्षणभर विचार करायचं आणि मधाळ आवाजात सांगायचं, की ताई, आज तुमचा आवाज स्थिर आहे, प्रवास सुखाचा होवो.

एखाद्या दिवशी बाई विसरल्या, म्हणजे शेजारच्या मगदूम वहिनींशी कुंपणावरून चार गमती करून हसत हसतच गाडीत बसल्या, की संपलं. रेघ तांबडी व्हायची. ताई, तुमचा आवाज नेहमीसारखा नाही, आपण थोडं थांबू या का? तिकडे बंगळूरला त्यांच्या मुलाच्या, सन्मतीच्या, फोनवर निरोप जायचा आणि पाच मिनिटांत त्याचा फोन यायचा. आई, काय झालं?

काय झालं म्हणे. काही झालं नाही रे बाबा, हसू आलं. पण हे सांगून पटणार कुणाला?

आता हे यंत्र काय होतं, ते नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईच भ्रमिष्ट. दिसायला तो गाडीतला टेपच. गाणी लावा, बातम्या ऐका, रस्ता विचारा. कारखान्यातूनच बसवून आलेला. फरक इतकाच, की त्या सुमारास निघालेल्या गाड्यांमधल्या टेपला नुसतं तोंड नव्हतं, कानही होते.

माणसाच्या गळ्यात दोन नाजूक पडदे असतात, स्वरतंतू म्हणतात त्यांना. आपण बोलतो तेव्हा ते सेकंदाला शंभर-दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. पण कुठलेही दोन ठोके अगदी सारख्या अंतराने पडत नाहीत. अंतर किंचित पुढेमागे होतं, इतकं किंचित, की कानाला कळू नये. यंत्राला ते कळतं. शिवाय हे पडदे हलवणाऱ्या डाव्या बाजूच्या मज्जातंतूची वाटही मजेशीर आहे. मेंदूतून निघून तो सरळ गळ्यात येत नाही. आधी छातीत उतरतो, हृदयापासल्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालतो आणि मग पुन्हा वर चढतो. निसर्गाने हा आडमार्ग का निवडला ते असो. एवढं खरं, की अपुरी झोप, पोटातली दारू, भीती, ताप, पुढे कधीतरी होणारा कंपवात, या सगळ्यांची सावली त्या ठोक्यांवर पडते.

गोम एकच होती. एकाचा थकलेला आवाज हा दुसऱ्याचा रोजचा आवाज असू शकतो. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी ठरवलं, की कुणाची तुलना दुसऱ्या कुणाशी करायचीच नाही. गाडी नवी असताना सहा आठवडे सोबतीने मालकाचं बोलणं नुसतं ऐकायचं, त्यावरून त्याचा 'मूळ आवाज' ठरवायचा, आणि पुढची सगळी मोजमापं त्याच्याशी करायची. आवाज फार बदलला तर गाडी सुरूच होऊ द्यायची नाही, चालू असेल तर हळू करायची आणि घरच्यांना कळवायचं. शहाणपणाचीच कल्पना. घाटात डुलकी लागलेली कितीतरी माणसं त्या यंत्रामुळे घरी पोचली होती, हे नाकारून चालणार नाही.

चौगुल्यांची गाडी आली अक्षय्य तृतीयेला.

भूपाल चौगुले तेव्हा इस्पितळात होते. स्वादुपिंडाचा कर्करोग, तोही फार उशिरा कळलेला. गाडी त्यांनीच दुखणं कळायच्या आधी नोंदवून ठेवली होती. शोरूमवाला भला माणूस, तो म्हणाला, साहेब बरे होऊ देत, मग न्या सावकाश. त्रिशलाबाईही तेच म्हणत होत्या. पण बियाण्यांच्या दुकानात ज्याने उभ्या आयुष्यात मुहूर्ताशिवाय नव्या हंगामाचं पोतं फोडलं नाही, तो माणूस तृतीया सोडतोय थोडाच. आज घरात आलेली वस्तू कायमची राहते, म्हणाले, मुहूर्त चुकवू नकोस. मग बाईंनी एकटीने जाऊन नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडी थेट इस्पितळाच्या आवारात नेली. भूपालनी खिडकीतून पाहिली आणि सलाइन लावलेला हात उचलला.

पुढचे सहा आठवडे ती गाडी मिरज आणि जयसिंगपूर यांच्यामध्ये धावली. बाई जाताना रडत जायच्या, येताना रडत यायच्या. चौथ्या आठवड्यात भूपाल गेले. मग दुखवट्याचे दिवस, पाहुण्यांना स्टँडवर सोडणं, दुकानाची कागदपत्रं. सोबती मन लावून ऐकत होता. सहावा आठवडा संपला तसं त्याने जाहीर केलं, की अभिनंदन ताई, तुमचा मूळ आवाज आता मला कळला आहे.

पहिलं वर्षभर बाईंची आणि यंत्राची कुरबुर झाली नाही. दुसऱ्या वर्षी बाईंना बरं वाटायला लागलं, आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

झालं असं, की सांगलीला एका लग्नाच्या पंगतीत मगदूम वहिनी काहीतरी बोलल्या आणि त्रिशलाबाई इतक्या मोकळ्या हसल्या, की जिलबी वाढणारा वाढायचा थांबला. तिसऱ्या पंगतीत बसलेले विद्याधर लिमये मान वळवून बघायला लागले. हे लिमये हौशी नाटकवाले. नोकरीतून निवृत्त झालेले, नाटकातून होण्याचा विचार नसलेले. जेवण होताच त्यांनी बाईंना गाठलं. स्पर्धेसाठी एक फार्स बसवत होते, त्यातल्या मामीसाठी त्यांना बाई मिळत नव्हती. दुसऱ्या अंकाच्या शेवटी या मामीला आपला नवरा तांदळाच्या पिंपात लपलेला सापडतो. ती चिडत नाही, रडत नाही. हसायला लागते. आधी नाकातून, मग पोटातून, मग खुर्चीचा आधार घेऊन, आणि त्या हसण्यावर पडदा पडतो. लिमये म्हणाले, बाकी नाटक मी शिकवतो, हसणं शिकवता येत नाही, ते तुमच्याजवळ आहे.

बावन्नाव्या वर्षी कुणी असं काही म्हटलं तर माणसाला पंख फुटतात. कॉलेजात एकदा तोंडाला रंग लावला होता त्यानंतर बाईंनी स्वतःसाठी म्हणून काही केलं नव्हतं. त्यांनी हो म्हटलं.

सांगलीतल्या पहिल्या तालमीहून परतताना त्या गाडीत मोठमोठ्याने मामीची वाक्यं म्हणत होत्या. अंकलीच्या पुलावर आल्या आणि गाडीचा वेग आपोआप तिशीवर उतरला. चारी दिवे लुकलुकायला लागले. सोबती म्हणाला, ताई, तुमच्या आवाजात असाधारण उत्तेजना आहे, मी सन्मतीदादांना कळवलं आहे. मागे उसाचे ट्रॅक्टर भोंगे वाजवत उभे. पूल संपेपर्यंत बाईंनी पॅडल किती दाबलं म्हणून सांगू. गाडी काही ऐकेना.

चार-पाच तालमी अशा झाल्यावर बाईंनी सन्मतीला फोन केला. गाडी भूपालच्या नावावरून त्यांच्या नावावर झाली तेव्हा 'पालक' म्हणून मुलाचं नाव लागलं होतं. सही बाईंचीच होती. त्या दिवसांत त्या समोर येईल त्यावर सही करत होत्या. मूळ आवाज पुसून नव्याने नोंदवायचा तर पालकाची परवानगी हवी. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. मी बरी आहे, नाटक करतेय, हसतेय, आणि तुझं हे यंत्र त्याला आजार म्हणतंय.

सन्मती म्हणाला, "बाबांचा आवाज महिनाभर खोल गेलेला होता, आई. मी रोज फोनवर बोलत होतो त्यांच्याशी. मला कळलं नाही. आता एक यंत्र मला आधी सांगतंय, तर ते मी माझ्या हाताने पुसू?"

बापाचं ओझं त्या पोराने एकट्याने उचललं होतं आणि कुणाला कळूही दिलं नव्हतं. बाईंना त्याचा राग येईना, आणि राग येत नाही म्हणून सुटका होईना. बरं बाबा, म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. तिथली मुलगी फार गोड होती, चहा विचारला, खुर्ची दिली. पालकाची परवानगी नसेल तर दुसरी वाट आहे, म्हणाली. मालकाची मनःस्थिती ठीक आहे असा दाखला यंत्राकडूनच मिळतो. बाईंनी गाडीत बसून दहा वाक्यं वाचून दाखवायची, यंत्र ती तपासणार. बाईंनी वाचली. मुलीने पडदा बघितला आणि तिचा चेहरा पडला. "मॅडम, यात तुम्ही नॉर्मल येत नाही आहात." बाईंनी विचारलं, कशाशी ताडून? मुलगी म्हणाली, तुमच्या मूळ आवाजाशी. म्हणजे मूळ आवाज चुकीचा आहे हे सिद्ध करायला मूळ आवाजाचीच साक्ष. त्या मुलीलाही यातली गंमत कळली असावी, कारण ती खाली बघत राहिली, पण तिच्या हातात काही नव्हतं.

आठ दिवस बाईंनी एसटी करून पाहिली. तालीम ऐन रंगात यायची तेव्हा जयसिंगपूरची शेवटची गाडी सुटायची. शेवटी लक्षात आलं, की एकच उपाय आहे. यंत्राला जो आवाज हवा तो द्यायचा.

म्हणून तो इस्पितळाचा बोळ. घरून निघताना एकदा, तालमीहून निघताना एकदा. वाटेत गप्प बसायची सोय नव्हती. थोडा वेळ बोललं नाही की सोबती काहीतरी विचारायचा, आणि उत्तर त्याच आवाजात द्यावं लागायचं. महिनाभर हे जमलं. मग बोळ बोथट झाला. डोळ्यांसमोर यायचा, पण घसा दाटेना, रेघ तांबडी. बाईंनी भूपालच्या शेवटच्या रात्रीची आठवण काढली, ती पंधरा दिवस पुरली. मग त्या पुढे सरकल्या. लग्नानंतर दोघं कुरुंदवाडला पेढे घ्यायला गेली होती, तेव्हा भूपालनी दुकानातच एक पेढा भरवला होता आणि दुकानदार हसला होता. इतकी वर्षं ही आठवण आली की बाईंच्या ओठांवर हसू यायचं. आता तिला मुद्दाम उलटी करून धरायची. तो हात आता नाही, तो माणूस आता नाही. गाडी सुरू व्हायची. पण दुसऱ्या वेळी पेढा आठवला की पेढ्याच्या जागी इस्पितळच यायचं. एकेक करून बाईंनी आपला सगळा संसार असा त्या टेपला घातला. त्यांना ते कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती, आणि तरी दर संध्याकाळी त्या डोळे मिटून काहीतरी नवीन शोधत होत्या.

मग एक दिवस लिमयांनी तालीम थांबवली. त्यांची जीभ मूळचीच तिखट.

"चौगुलेबाई, हसताय की उचकी लागलीय?"

बाईंनी पुन्हा हसून दाखवलं. पुन्हा. हसू नाकापर्यंत यायचं आणि तिथेच बसायचं, जसं काही खाली कुणीतरी दोर धरून ठेवलाय. बाकीचे नट आपापल्या चपलांकडे बघायला लागले. लिमये नरमले, त्यांनी चहा मागवला आणि बाजूला घेऊन सांगितलं, की प्रयोग पंधरा दिवसांवर आहे. आठवडाभरात हसू परत आलं नाही तर भूमिका दुसरीला द्यावी लागेल. मला वाईट वाटेल, पण देईन.

त्या संध्याकाळी बाईंना गाडी सुरू करायला काही आठवावं लागलं नाही. सोबती खूश झाला.

दुसऱ्या दिवशी त्या मुनीर शिकलगारच्या दुकानात गेल्या. मिरज रस्त्याला एके काळी या शिकलगारचं नाव होतं. त्याने बसवलेला टेप वाजला की चार घरं पलीकडची भांडी हलायची. गाड्यांमध्ये टेप कारखान्यातूनच यायला लागल्यापासून धंदा बसला होता आणि मुनीर सीटची कव्हरं शिवत होता. बाईंचं म्हणणं ऐकून त्याने आधी दोन्ही हात जोडले. नको त्या भानगडीत पाडू नका म्हणाला. मग त्याला राहवेना. गाडीत डोकं घालून सोबतीच्या कडेने बोट फिरवत म्हणाला, "ताई, ह्यो काढला तर गाडीला वाटणार, आपलं काळीजच काढलं."

त्यात तथ्य होतं. पूर्वीचा टेप काढला तर गाणी बंद व्हायची, बस. आता गाडीतले सगळे भाग दोन बारीक तारांवरून एकमेकांशी सारखे बोलत असतात, आणि त्या बोलण्याच्या मध्यावर टेप बसलेला. थंड हवा, दारांची कुलपं, मागे घेताना वाजणारी घंटी, सगळं त्याच्यामार्फत. तो गप्प झाला की बाकीचे घाबरतात आणि गाडी जागची हलत नाही. त्यावर उपाय म्हणजे काड्यापेटीएवढी एक डबी. ती तारांवर बसवायची आणि तिने क्षणाक्षणाला सगळ्यांना सांगत राहायचं, की टेप जागेवर आहे, मालकीणबाई ठीक आहेत, काळजी नको. एवढं बोललं की गाडीचं समाधान. मुनीरने अशी डबी आणली होती, पण बसवली कधीच नव्हती, हे त्याने काम अर्धं झाल्यावर सांगितलं.

पहिल्या खेपेला वायपर सुरू झाले ते थांबेनात, कोरड्या काचेवर कर्रकर्र. दुसऱ्या खेपेला गाडीने चारी दारं खाडकन लावून घेतली आणि बाई आत. काचा वर, हवा बंद. मुनीर बाहेरून काचेवर थापा मारतोय, तोंडाने काय बोलतोय ते ऐकू येत नाही, एका हातात लोंबती वायर, कपाळावर घाम. बाईंना आधी भीती वाटली. समोर डॅशबोर्डात टेपच्या जागी चौकोनी भोक पडलं होतं. तिथून आता कुणी काही विचारत नव्हतं. बाहेर मुनीर हात जोडून गाडीलाच काहीतरी सांगायला लागला होता. बाईंच्या नाकातून एक आवाज निघाला. मग पोटातून. स्टिअरिंगला धरून त्या इतक्या हसल्या, की दारं उघडल्यावर मुनीरला वाटलं, बाईंना झटका आला. तो पाणी आणायला धावला आणि बाई आणखी हसत सुटल्या.

तिसऱ्या खेपेला जमलं. भोकात एक साधा टेप बसला. दोन गोल बटणं, एक आवाजाचं, एक स्टेशनचं. फुकटचे आकडे नाहीत, चित्रं नाहीत, कान तर नाहीतच. मुनीरने बजावलं, की मागे घेताना घंटी वाजणार नाही, मान वळवून बघायचं. वळणाचा दिवा लावला की टिकटिक व्हायची तीही सोबतीच्याच तोंडून यायची, ती गेली. दिवा लागलेला विसरू नका.

बाई दिवा चालू ठेवूनच जयसिंगपूरपर्यंत आल्या. मागचे लोक शिव्या घालत होते. अंकलीच्या पुलावर गाडी साठने गेली आणि बाईंनी मामीचं सगळं भाषण दोनदा म्हटलं. त्या आठवड्यात लिमये एकदाही ओरडले नाहीत. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ते स्वतःच रुमालाने डोळे पुसत होते.

राहता राहिला सन्मती. त्याच्या फोनवर गाडीच्या नावापुढे 'संपर्क नाही' असं येत होतं. बाईंनी सर्व्हिसिंगला दिलीय म्हणून सांगितलं. किती दिवस चालणार ते? प्रयोगाच्या दिवशी सकाळी बेल वाजली, तर दारात सन्मती. रात्रभर बसमध्ये जागलेला, डोळे तांबारलेले. आत न येता तो आधी गाडीकडे गेला. ती दोन गोल बटणं बराच वेळ बघत राहिला.

बाईंनी त्याला पोह्यांची बशी दिली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. नाटक, पूल, सर्व्हिस सेंटर. गाडी चालावी म्हणून रोज बाबांचं मरण आठवत होते, हेही सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना फार जड गेलं. पेढ्याचं मात्र नाही सांगितलं.

सन्मती पोहे खायचा थांबला होता. मुलगा शहाणा होता आणि मनाने चांगला होता. उठून तो आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "काढलंस ते बरं केलंस. चुकलं माझं. मला वाटत होतं मी तुला सांभाळतोय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. संध्याकाळी प्रयोगाला दोघं बरोबरच निघाले. बाईंनी मामीची नऊवारी नेसली होती, नथ डबीत, केसांत गजरा. गाडी बसताक्षणी सुरू झाली. सन्मतीने रेडिओचं बटण फिरवून बघितलं, खरखर झाली, गाणं लागलं, आणि तो लहान मुलासारखा खूश झाला. बाई त्याला शिकलगारची गोष्ट सांगायला लागल्या. वायपर कसे थांबेनात, दारं कशी लागली, आणि मुनीर गाडीपुढे हात जोडून कसा उभा राहिला. त्या मुनीरचा चेहरा त्यांना आठवला आणि हसू फुटलं, आधी नाकातून, मग पोटातून, अगदी तेच, ज्यावर पडदा पडायचा.

सन्मतीचा एक हात डॅशबोर्डवर गेला. दुसऱ्या हाताने त्याने आईचं मनगट पकडलं.

"आई, गाडी बाजूला घे."

"अरे, हसतेय मी."

"कळतंय मला. तू घे ना बाजूला."

बाईंनी घेतली. सन्मतीचा चेहरा पांढरा पडला होता. त्याची बोटं अजून तिच्या मनगटावर होती, नाडीवर. त्याची त्यालाच लाज वाटली. मनाला पटतंय, म्हणाला, की तू बरी आहेस, आनंदात आहेस. पण छातीत धस्स झालं. गेली दोन वर्षं तो रोज फोनवर तिचा आवाज कान देऊन ऐकत आला होता, कुठे तडा गेलाय का ते शोधत. त्या आधीची, बाबा असतानाची आई कशी हसायची ते त्याला आठवून आठवेना. "मला हा आवाज माहीत नाही गं. असं वाटलं, तुझ्या जागी कुणीतरी दुसरंच बसलंय."

बाजूने ट्रॅक्टर जात होते. बाईंनी त्या तिशीतल्या माणसाकडे पाहिलं, जो बापाचं मरण ओळखू शकला नाही म्हणून आईच्या हसण्याला घाबरत होता. त्याला काय समजावणार? त्याला तर सगळं समजलेलंच होतं. पालकाची परवानगी त्याने सकाळीच दिली होती, मनापासून दिली होती. त्याच्या कानांना ती कुणी कळवणार नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले नाहीत, बोळ आठवला नाही, काहीच आठवलं नाही. आवाज आपणहून खाली उतरला.

"पाणी घे बरं थोडं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तू नीट जेवला नाहीस."

सन्मतीने लांब श्वास सोडला. त्याची बोटं सैल झाली. पाणी प्यायला, मान मागे टेकली आणि पहिल्यांदाच हसला. हं, म्हणाला, आता कशी आपली आई वाटतेस. बाईंनी गाडी रस्त्यावर घेतली. सांगली येईपर्यंत तो बंगळूरच्या घराबद्दल, नोकरीबद्दल बोलत राहिला आणि बाई त्याला त्याच आवाजात हो हो म्हणत राहिल्या. एकदा त्यांनी आवाज वर न्यायचा प्रयत्न केला, अगदी जरासा, तर त्याने बोलता बोलता थांबून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तो परत खाली आणला.

नाट्यगृहासमोर गर्दी होती. लिमये पायऱ्यांवर उभे राहून हात हलवत होते.

"मी पहिल्याच रांगेत बसतो, आई," सन्मती म्हणाला. "अगदी मधोमध. तुला काही झालं तर मी समोरच असेन."

त्रिशलाबाईंनी मान हलवली आणि गाडी फाटकातून आत घातली.